सुई, जबडा आणि आईचं कालनिर्णय

बोटॉक्स हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? एखादी नटी, इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत कपाळ आणि गॉसिपचं पान! "मी बोटॉक्स घेतलंय," असं मित्रमंडळींत नुसतं सांगून बघा. समोरच्याची नजर आधी तुमच्या कपाळावर जाते, मग डोळ्यांच्या कडांवर. सुरकुत्या शोधायला. मग मी सांगते, "सुरकुत्यांसाठी नाही रे, जबड्यासाठी. आणि डोकेदुखीसाठी." त्यावर ठरलेला प्रश्न येतो : "जबड्याला काय होतं?"

जबड्याला बरंच काही होतं. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. काहीतरी हलताना लागतं ना? तो जबड्याचा सांधा. आता दात घट्ट आवळा आणि गालाच्या मागच्या बाजूला हात लावा. टणक गोळा लागेल. तो मॅसेटर नावाचा स्नायू, शरीरातल्या सगळ्यात ताकदवान स्नायूंपैकी एक. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असतो तो टेम्पोरालिस. उसाचं कांडं दातांनी सोलायचं, कडक भाकरी मोडायची, ही सगळी यांची कामं. आम्ही नेवाशाकडची माणसं उसातच वाढलेली, त्यामुळे हे स्नायू आमच्याकडे चांगलेच तयार असतात!

गंमत अशी, की जेवताना आणि गिळताना सोडलं तर दिवसभरात वरच्या आणि खालच्या दातांनी एकमेकांना भेटायचं कारणच नसतं. ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची आरामाची स्थिती. आता खरं सांगा, हे वाचताना तुमचे दात कुठे आहेत?

आपल्या भाषेला हे सगळं कधीचं ठाऊक आहे. राग आला की आपण दातओठ खातो. घाबरलो की दातखिळी बसते. बोलायचं असूनही बोलता येत नाही तेव्हा मूग गिळतो. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये आपण यातल्या तिन्ही गोष्टी एकदम करतो आणि वर हसतो. संध्याकाळी डोकं दुखायला लागतं तेव्हा दोष मात्र एसीला.

कान, डोळे, दात आणि मग डोकं

माझी वारी कानापासून सुरू झाली. उजवा कान आतून ठणकायचा. कानाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, कान एकदम स्वच्छ. मग डोळे. नंबर होता तोच. शेवटी एक दाढ दुखते म्हणून पुण्यात दातांच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी दाढेकडे बघायच्या आधी माझी जीभ बघितली. जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटले होते. दाढांचे उंचवटे घासून सपाट. "रात्री दात खाता का?" त्यांनी विचारलं. मी एकटी राहते, मला कोण सांगणार?

याला ब्रक्सिझम म्हणतात. काही जण झोपेत दात करकरा वाजवतात, काही जण दिवसा आवाज न करता नुसते आवळून धरतात. माझं दोन्ही. डॉक्टरांनी रात्री लावायचा प्लॅस्टिकचा नाईट गार्ड करून दिला. त्याने दात वाचले, पण दुखणं कमी झालं नाही. कानशिलातून सुरू झालेली कळ डोळ्याच्या मागे जायची, उजेड नकोसा व्हायचा, पोटात ढवळायचं. महिन्यातले अठरा-एकोणीस दिवस! मी फ्रीलान्स पत्रकार. आम्हाला सिक लीव्ह नसते. कॉपी दिली तर पैसे. दुखऱ्या डोक्याने लिहिलेला लेख आणि बऱ्या डोक्याने लिहिलेला लेख, दोन्हींचं मानधन सारखंच असतं, पण पहिल्याला तिप्पट वेळ लागतो.

न्यूरॉलॉजिस्टने अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. मग म्हणाले, "तुमच्याकडे दोन पाहुणे आहेत, आणि दोघं एकमेकांना खतपाणी घालतायत." एक, जबडा आवळण्याची सवय. दुसरा, क्रॉनिक मायग्रेन. तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातून १५ किंवा त्याहून अधिक दिवस डोकेदुखी आणि त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनच्या लक्षणांचे असतील, तर ते क्रॉनिक मायग्रेन. आपली जुनी अर्धशिशीच, पण मुक्कामाला आलेली.

आधी गोळ्या. डोकेदुखी होऊच नये म्हणून रोज घ्यायच्या. पहिल्या गोळीने बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि शब्द सापडेनात. 'पाणीपुरवठा' हा शब्द मी एकदा पाच मिनिटं शोधत बसले होते! हा त्या औषधाचा माहितीतला दुष्परिणाम आहे, पण लिहून पोट भरणाऱ्या माणसाने करायचं काय? दुसऱ्या गोळीने सकाळी अकरापर्यंत डोळे उघडेनात. दोन्हींना पुरेसे महिने दिल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता इंजेक्शनचा विचार करूया."

विषाची परीक्षा

इंजेक्शन कशाचं, हे कळल्यावर मी घरी येऊन वाचत बसले. पत्रकारितेच्या कोर्सचा एवढा तरी उपयोग!

हे जगातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत खराब झालेले सॉसेज खाऊन माणसं मरायची. हातपाय लुळे पडायचे, पापण्या मिटायच्या, शेवटी श्वास थांबायचा. जस्टिनस कर्नर नावाच्या डॉक्टरने १८२०च्या आसपास या रोगाचा अभ्यास केला. हा माणूस कवीही होता. त्याने ते विष थोडंसं स्वतःवरही वापरून पाहिलं आणि लिहून ठेवलं, की अगदी कमी मात्रेत याचं औषध होऊ शकेल. सॉसेजला लॅटिनमध्ये बोटुलस म्हणतात, त्यावरून रोगाचं नाव बोट्युलिझम पडलं.

औषध व्हायला मात्र दीडशे वर्षं जावी लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर अ‍ॅलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेशिवाय उपाय शोधत होते. डोळा ओढून धरणाऱ्या स्नायूला थोडं ढिलं करायला त्यांनी हे विष वापरलं. १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याला परवानगी दिली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप गच्च मिटण्याच्या आजारासाठी. कपाळावरच्या आठ्यांसाठीची परवानगी आली २००२ मध्ये. म्हणजे नट्यांच्या आधी हे औषध रुग्णांचं होतं!

डोकेदुखीचा शोध तर अपघाताने लागला. विल्यम बाइंडर हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. सुरकुत्यांसाठी इंजेक्शन घेतलेले पेशंट १९९०च्या दशकात त्यांना सांगायला लागले, "डॉक्टर, माझी डोकेदुखी पण गेली." पुढे रीतसर चाचण्या झाल्या आणि २०१० मध्ये एफडीएने क्रॉनिक मायग्रेनसाठी मान्यता दिली. २०१२ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेनेही हिरवा कंदील दाखवला, पण अट घालून : आधी निदान तीन प्रकारची प्रतिबंधक औषधं वापरून झालेली हवीत.

काम कसं करतं? स्नायूला 'आवळ' हा निरोप मज्जातंतूच्या टोकाकडून एका रसायनातून मिळतो. हे औषध तो निरोप सुटूच देत नाही. मायग्रेनमध्ये ते वेदनेचे निरोप पोचवणारी रसायनंही अडवतं, असं मानतात. तीनेक महिन्यांत मज्जातंतू आपला कारभार पूर्ववत करतो आणि परिणाम ओसरतो. कायमचा इलाज नाही. म्हणायचं तर तीन महिन्यांचा रिचार्ज!

आता न आवडणारे आकडे. मान्यता मिळवून देणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून १,३८४ रुग्ण होते. सहा महिन्यांनी औषध घेतलेल्यांचे डोकेदुखीचे दिवस महिन्याला सरासरी ८.४ ने कमी झाले. आणि नुसत्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांचे? ६.६ ने. फरक आहे, पण जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापावा इतका नाही. जबडेदुखीचं तर आणखी धूसर. त्यासाठी एफडीएची मान्यता नाही, अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, डॉक्टर आपल्या अनुभवावर देतात. वारंवार दिल्यास मॅसेटर बारीक होतो, आणि जबड्याच्या हाडावर काही परिणाम होतो का, यावर संशोधन चालू आहे.

मी हे सगळे कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रागावून न जाता एकेका मुद्द्याचं उत्तर दिलं. "मायग्रेनसाठी मी खात्रीने सुचवतो. जबड्यासाठी, एकदा करून बघू, एवढंच म्हणतो," ते म्हणाले. त्या 'एवढंच'वर माझा विश्वास बसला.

एकतीस टोचण्या आणि वर थोड्या

मायग्रेनचा नकाशा ठरलेला असतो. कपाळ, भुवयांच्या मधे, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे. ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट. सुई बारीक, पण ३१ हा आकडा बारीक नाही! कपाळावर चुरचुरतं, मानेत काहीच वाटत नाही. मग जबडा. "दात आवळा," डॉक्टर म्हणाले. फुगलेल्या मॅसेटरवर पेन्सिलीने खुणा केल्या. "आता सोडा." दोन्ही बाजूंना टोचलं. सगळं मिळून वीस मिनिटं. काही तास तिथे चोळायचं नाही, लगेच आडवं व्हायचं नाही, एवढ्या सूचना. मी रिक्षा करून घरी आले आणि रात्री एक मुलाखत टाइप केली.

बिल माझ्या महिन्याच्या भाड्याहून बरंच जास्त झालं. विम्यात बसलं नाही. हा हिशेब आधीच करून ठेवावा लागतो, कारण तीन महिन्यांनी तो परत समोर येतो.

पहिला आठवडा काहीच नाही. दहाव्या दिवशी एका संपादकांचा रात्री साडेदहाला मेसेज आला, सकाळी आठपर्यंत सातशे शब्द हवेत म्हणून. मी नेहमीसारखे दात आवळायला गेले आणि ते आवळलेच जाईनात. म्हणजे मिटले, पण जोर लागेना. कुणीतरी हँडब्रेक काढून घेतल्यासारखं. फार विचित्र वाटलं. राग होता, पण त्याला बसायला जागा नव्हती! मी उत्तर टाइप केलं : "आठ जमणार नाही, अकरापर्यंत देते." पलीकडून 'ओके' आलं.

तोट्याची बाजूही लिहायला हवी. बाजरीची भाकरी खाताना जबडा लवकर थकायचा. शेंगदाणे, पेरू, मटण बाद. भुवया वर जायच्या बंद झाल्या, त्यामुळे आश्चर्य वाटलं तरी चेहऱ्यावर दिसायचं नाही. महिनाभर मान जरा दुबळी वाटली. पण डोकेदुखीचे दिवस अठरावरून आधी अकरा आणि तिसऱ्या महिन्यात आठवर आले. त्यात औषधाचा वाटा किती आणि माझ्या आशेचा किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही.

डोकं तर सगळ्यांचंच दुखतं

असा ढिला जबडा घेऊन मी दिवाळीला घरी गेले. नेवासा म्हटलं की लोकांना पैसचा खांब आठवतो. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी त्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. म्हणजे गाव बोललेल्या शब्दांमुळे मोठं झालेलं. आमच्या घरात मात्र दुखण्याबद्दल बोलायची पद्धत नाही.

चकली माझ्याच्याने चावली जाईना, तेव्हा आईला सांगावंच लागलं.

"ते नट्या घेतात ते?" तिचा पहिला प्रश्न. "तोंड वाकडं झालं तर?"

"होत नाही गं. झालं तरी काही आठवड्यांनी परत येतं."

"पैसे किती गेले?"

मी सांगितले. ती गप्प बसली. मग म्हणाली, "एवढ्यात पुढच्या खोलीला रंग झाला असता. अगं, डोकं तर सगळ्यांचंच दुखतं."

सगळ्यांचं म्हणजे तिचं. 'आईचं डोकं उठलंय' हे वाक्य आमच्या घरात 'लाईट गेलीय' इतकंच सवयीचं. कपाळाला घट्ट रुमाल बांधून, सुंठ उगाळून लावून ती अंधाऱ्या खोलीत पडायची आणि चारच्या चहाला उठायची. कारणं ठरलेली. ऊन लागलं. जागरण झालं. पित्त झालं. उलटी झाली की तिला बरं वाटायचं, म्हणजे पित्तच! कुणीतरी सांगितलं म्हणून सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाऊन झाली. बाकी मेडिकलमधली गोळी होतीच, सुटी मिळणारी.

"तुझं महिन्यातून किती दिवस दुखतं?" मी विचारलं.

"कोण मोजत बसलंय?"

स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं होतं. त्यावर ती दुधाचा हिशेब लिहिते, कुठल्या दिवशी किती घेतलं, कधी खाडा. मी म्हटलं, दुधाशेजारी डोक्याचाही हिशेब लिही. दुखलं की फुली, गोळी घेतली की फुलीभोवती गोल. ती हसली. पण हिशेबाची तिला मुळात आवड, त्यामुळे लिहायला लागली.

डिसेंबरच्या पानावर २१ फुल्या होत्या. १९ भोवती गोल.

ते पान फोनमध्ये घेऊन आम्ही नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी पान मोठं करून बघितलं आणि म्हणाले, "मावशी, असा कागद माझ्याकडे कुणी आणत नाही. कधीपासून दुखतंय?"

"हिच्या जन्माआधीपासून."

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, उलटी आणि मळमळ हा मायग्रेनचाच भाग असतो. पित्तामुळे डोकं दुखत नव्हतं, डोकं दुखत होतं म्हणून उलटी होत होती. दुसरी, महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामक गोळी घेतली की काही महिन्यांनी ती गोळीच डोकेदुखी आणायला लागते. मिश्र औषधांच्या गोळ्यांना तर १० दिवसही पुरतात. गोळी उतरली की डोकं चढतं, म्हणून परत गोळी. आईची गोळी मिश्रच होती.

"मला पण ती सुई लागेल का?" आईने विचारलं. मी मनात पैशांची जुळवाजुळव सुरू केली होती.

"आत्ता मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आजवर एकही प्रतिबंधक औषध घेतलेलं नाही. आधी त्याला संधी देऊ."

रोज रात्री एक स्वस्तातली गोळी, आणि मेडिकलमधल्या गोळ्या बंद. पहिले दोन आठवडे वाईट जातील, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि तसेच गेले. मार्चच्या पानावर ९ फुल्या होत्या, ४ गोल.

मला जे इतकं खर्चिक सुईने मिळालं, त्याहून जास्त तिला निदानाने मिळालं. सुई वाईट, असं मला म्हणायचं नाही. मला ती लागली, परवा दुसऱ्यांदा घेतली, या वेळी जबड्यातली मात्रा कमी करून. मधल्या काळात फिजिओथेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक लाल टिकली चिकटवली आहे. टिकलीवर नजर गेली की दात सुटे करायचे. कदाचित पुढच्या वर्षी टिकलीवरच भागेल. पण कुठलीही सुई, गोळी किंवा टिकली कामाला येण्याआधी कुणीतरी विचारावं लागतं, की तुझं नक्की काय दुखतं आणि किती दिवस. आपल्याकडे हा प्रश्न आईला कुणी विचारत नाही, कारण तिचं दुखणं घरातल्या भिंतीसारखं असतं, कायमचं तिथेच.

गेल्या सोमवारी आईचा फोन आला.

"आज डोकं उठलंय. पप्पांना म्हटलं, मी पडते, चहा तुम्हीच करा."

"मग? केला?"

"केला की. नुसता गोडमिट्ट. पण पडल्या पडल्या पिले."

चौकट : तुमचाही जबडा आवळलेला असतो का?

• सकाळी उठल्यावर कानशिलं किंवा गाल दुखतात, जिभेच्या कडेला दातांचे ठसे दिसतात, तोंड उघडताना कट्कन आवाज होतो? आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

• डोकेदुखीचे दिवस तीन महिने लिहून ठेवा. सोबत गोळ्यांचेही. कॅलेंडर पुरेसं आहे.

• बोटॉक्स हा पहिला उपाय नाही. सवय बदलणं, फिजिओथेरपी, नाईट गार्ड आणि प्रतिबंधक औषधं आधी.

• ब्युटी पार्लरमध्ये किंवा 'पॅकेज डील'मध्ये हे इंजेक्शन घेऊ नका. सुई चुकीच्या स्नायूत गेली तर हसू वाकडं होऊ शकतं. औषध दूरवर पसरून गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होण्याचा धोका क्वचित असतो. एफडीएने २००९ मध्ये त्याबद्दल ठळक इशारा द्यायला लावला. असं काही वाटलं तर तातडीने हॉस्पिटल गाठा.

• गरोदर असाल, बाळाला पाजत असाल किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

• अचानक उठलेली, आयुष्यात कधी नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी, तापासोबत मान आखडणं, बोलण्यात किंवा हातापायात अडखळ : यात वाट बघायची नाही. थेट हॉस्पिटल.